तिसाव्या वर्षी कोणते काम? नववीच्या वर्गातील दोन चिठ्ठ्या

जून महिन्यात शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा नववीच्या वर्गात मी पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : तुम्ही साधारण तीस वर्षांचे असाल तेव्हा कोणते काम करत असाल, असे तुम्हाला वाटते? शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. मात्र वर्गातल्या बऱ्याच घरांत तेलुगू आणि काहींत कन्नड बोलली जाते, आणि मधल्या सुट्टीत या तिन्ही भाषा एकाच वाक्यात ऐकू येतात. पालक यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात, शिलाईकामात, आणि आया बहुतेक घरी विडी वळण्यात. पुढे मांडलेले प्रकरण त्या दिवशीच्या दोन चिठ्ठ्यांचे आहे आणि ते दोन वर्षांनी झालेल्या दहावीनंतरच्या प्रवेशांपर्यंत जाते. मुलांची नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न माझा नव्हता. आर्थिक सहकार्य व विकास संघटना पंधरा वर्षांच्या मुलामुलींची ‘पिसा’ ही जी आंतरराष्ट्रीय चाचणी घेते, तिच्या प्रश्नावलीत तो असतो. त्याची शब्दरचना मी मुद्दाम तशीच ठेवली, कारण ‘तुला कोण व्हायचे आहे?’ आणि ‘तू कोण झालेला असशील?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर इच्छेतून येते आणि दुसऱ्याचे अंदाजातून. संशोधनात या दुसऱ्या उत्तराला अपेक्षा म्हणतात. आपल्याकडे हा शब्द जरा अडचणीचा आहे, कारण मराठीत अपेक्षा बहुधा दुसऱ्याने आपल्याकडून ठेवलेली असते, आई-वडिलांनी, शिक्षकांनी, समाजाने. स्वतःच्या भविष्याबद्दल स्वतः केलेला अंदाज या अर्थाने तो आपण क्वचितच वापरतो, आणि वर्गातही नेमका तोच घोटाळा झाला. एका मुलाने उठून विचारले, “मॅडम, घरचे म्हणतात ते लिहू का मला वाटतं ते लिहू?” दोन्ही लिही, असे मी त्याला सांगितले. ती माझी पहिली चूक, कारण बाकीच्यांनीही ते ऐकले.

चिठ्ठ्यांमध्ये मुलींच्या उत्तरांत ‘डॉक्टर’ हा शब्द इतर कोणत्याही शब्दापेक्षा जास्त वेळा आला. नर्स आणि शिक्षिका त्यानंतर. मुलांनी पोलीस, आर्मी, इंजिनिअर आणि ‘बिझनेस’ असे लिहिले. यात सोलापूरचे काही विशेष नाही. २०१५ च्या पिसा चाचणीत विज्ञान हा मुख्य विषय होता. त्या वेळी सदस्य देशांतल्या साधारण एक चतुर्थांश मुलामुलींनी तिसाव्या वर्षी विज्ञानाशी संबंधित व्यवसायात असू असे सांगितले होते, आणि मुलगे व मुली यांचे हे एकूण प्रमाण जवळजवळ सारखे होते. मात्र डॉक्टर, पशुवैद्य, नर्स अशा आरोग्यातल्या कामांची अपेक्षा मुलींमध्ये मुलांच्या जवळजवळ तिप्पट होती, तर अभियंता, शास्त्रज्ञ, वास्तुविशारद ही अपेक्षा मुलांमध्ये मुलींच्या दुपटीहून जास्त. सोलापूरच्या मुलीला डॉक्टर जवळचा वाटण्याला गावाचीही कारणे आहेत. इथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासूनचे. त्याला जोडलेले सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘सिव्हिल’, पूर्व भागातल्या प्रत्येक घराने कधी ना कधी पाहिलेले असते. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच शहरात जन्मले, हे पाचवीतले मूलही सांगते.

ज्या दोन चिठ्ठ्या मी वेगळ्या काढल्या, त्या मात्र जूनमध्ये नव्हे, ऑगस्टमध्ये, पहिल्या घटक चाचणीचे गुण हातात आल्यावर. एका मुलीने लिहिले होते, ‘डॉक्टर. सिव्हिलमध्ये.’ विज्ञानात तिला २० पैकी ७ गुण होते. एका मुलाने लिहिले होते, ‘वडिलांसारखं मागावर, नाहीतर रिक्षा.’ त्याला २० पैकी १८.

शिक्षकखोलीत चर्चा झाली ती तिचीच. सात गुण आणि डॉक्टर, यावर कोणी हसले, कोणी हळहळले, आणि एका अनुभवी सहकाऱ्यांनी म्हटले की अशा मुलींना वेळीच जमिनीवर आणले पाहिजे, नाहीतर अकरावीला शास्त्र शाखा घेऊन बारावीला आपटतात आणि मग धड कशातच राहत नाहीत. हे म्हणणे निर्दय नव्हते. त्यांनी तशी मुले पाहिली होती. अठरा गुणांच्या मुलाचे नाव मात्र त्या दिवशी कोणीही घेतले नाही, आणि मीसुद्धा घेतले नाही.

मुलीची उत्तरपत्रिका मी पुन्हा पाहिली. चाचणी ‘गतीचे नियम’ आणि ‘कार्य आणि ऊर्जा’ या पहिल्या दोन पाठांवर होती. गतिविषयक समीकरणांच्या उदाहरणात तिने दिलेली माहिती नीट उतरवून घेतली होती, समीकरणही बरोबर लिहिले होते, आणि पुढे एककांचा गोंधळ करून उत्तर सोडून दिले होते. ‘कारणे लिहा’ या प्रश्नाखाली तिने पुस्तकातले एक वाक्य अर्धे पाठ म्हणून अर्धे सोडले होते. न समजलेल्या मुलाची उत्तरपत्रिका अशी नसते. भाषेपाशी अडखळलेल्या मुलाची असते. तरी सात गुण सातच होते, आणि त्यांवरून निष्कर्ष काढण्याची माझीही तयारी झाली होती.

ती तयारी मोडली एका शनिवारी. शाळा सुटल्यावर ती घाईत निघाली होती. कारण विचारले तर म्हणाली, आजीला सुई द्यायची आहे. आजीला मधुमेह, इन्सुलिन चालू, आणि घरात ते भरून देण्याचे काम हिचे, कारण आईच्या हाताला तंबाखू असतो आणि वडील पाळीवर. मी तिला सहज विचारले की किती भरतेस. तिने जे सांगितले ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले, ते इथे जरा सविस्तर देते.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या प्रामुख्याने एका मिलिलिटरला ४० एकके या तीव्रतेच्या मिळतात. पेनमधले इन्सुलिन १०० एककांचे असते. सिरिंजही दोन प्रकारच्या : चाळीसची लाल टोपणाची, शंभरची नारिंगी टोपणाची. काही महिन्यांपूर्वी एका औषधाच्या दुकानातून चुकून नारिंगी टोपणाच्या सिरिंजा आल्या. आकड्यांप्रमाणे भरले तरी आजीची साखर उतरेना. घरच्यांनी आजीच्या खाण्यावर संशय घेतला. हिने मात्र जुनी सिरिंज आणि नवी सिरिंज शेजारी धरून पाहिली आणि तिच्या लक्षात आले की नवीतल्या वीसच्या खुणेपर्यंतचे औषध जुनीतल्या आठच्या खुणेएवढेच भरते. “मॅडम, वीस म्हणून आठच जाऊ लालतं की ओ,” असे तिचे वाक्य. शंभरच्या सिरिंजेत वीसची खूण म्हणजे ०.२ मिलिलिटर, आणि चाळीसच्या बाटलीतले तेवढे औषध म्हणजे ८ एकके. गणित तंतोतंत बरोबर होते. तिने ते कागदावर केले नव्हते, दोन नळ्या उजेडात धरून केले होते, आणि सिव्हिलच्या ओपीडीत केस पेपर पुढे करून सिस्टरला दाखवलेही होते.

प्रमाण, तीव्रता, एकक, निरीक्षण, दोन मापनांची तुलना, संशयाची पडताळणी, हे सगळे त्या प्रसंगात होते. ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात मी जे शिकवणार होते, त्याचा अर्धा भाग ही मुलगी आजीच्या खाटेशेजारी शिकून आली होती आणि तिला स्वतःला ते विज्ञान वाटत नव्हते.

इथे थोडे संशोधनाकडे वळते, कारण पुढचे निर्णय त्यावर बेतलेले होते. अमेरिकेत १९८८ साली आठवीत असलेल्या मुलांचा पुढे बारा वर्षे मागोवा घेतला गेला. त्या माहितीवर रॉबर्ट ताय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तिसाव्या वर्षी विज्ञानाशी संबंधित व्यवसायात असू असे आठवीत सांगणाऱ्या मुलांनी, इतर मुलांच्या तुलनेत, जीवविज्ञानातील पदवी घेण्याची शक्यता १.९ पट आणि भौतिक विज्ञान वा अभियांत्रिकीतील पदवी घेण्याची शक्यता ३.४ पट निघाली. गुण, घरची परिस्थिती यांचा हिशेब धरूनही. त्याहून विचारात पाडणारी तुलना अशी : गणितात सरासरी गुण पण विज्ञानातल्या व्यवसायाची अपेक्षा असलेल्या मुलाने भौतिक विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी घेण्याची शक्यता ३४ टक्के, तर गणितात वरचे गुण पण तशी अपेक्षा नसलेल्या मुलाची १९ टक्के. हे वाचताना माझ्या टेबलावरच्या दोन चिठ्ठ्या मला आठवल्या नसत्या तरच नवल.

परंतु हा निष्कर्ष सोलापुरात जसाच्या तसा लावता येत नाही, आणि याबद्दल मी शिक्षकांच्या बैठकांत वारंवार वाद घातला आहे. ताय यांनी तपासलेली मुले पदवीपर्यंत पोहोचलेली होती. अपेक्षेचा परिणाम त्यांनी पदवीधरांमध्ये मोजला. आमच्याकडे गळती त्याच्या आधी होते, दहावीनंतरच्या उन्हाळ्यात, अकरावीच्या पहिल्या सहामाहीत, बारावीच्या रसायनशास्त्रात. दुसरी गोष्ट म्हणजे अपेक्षा आणि विज्ञानातील संपादन यांचा संबंध देशाच्या आत एक दिसतो आणि देशांची तुलना केली की भलताच दिसतो. एका देशातली मुले घेतली तर विज्ञानात वरचे गुण असलेली मुले विज्ञानातल्या व्यवसायाची अपेक्षा अधिक ठेवतात. पण २०१५ च्या आकड्यांत डॉमिनिकन प्रजासत्ताकात चाळीस टक्क्यांहून अधिक मुले अशी अपेक्षा ठेवत होती आणि विज्ञानात त्या देशाची सरासरी ३३२, सहभागी देशांत सर्वांत खाली. फिनलंडची सरासरी ५३१ आणि अपेक्षा ठेवणारे सुमारे १७ टक्के. जर्मनीतही हे प्रमाण कमीच.

माझ्या समजुतीप्रमाणे याचे एक कारण शाळांच्या रचनेत आहे. जर्मनीत मूल दहा-अकरा वर्षांचे असतानाच कोणत्या प्रकारच्या शाळेत जाणार ते ठरू लागते, त्यामुळे पंधराव्या वर्षी त्याचा अंदाज वस्तुस्थितीला टेकलेला असतो. आमच्याकडे दहावीपर्यंत सर्वांना एकच पुस्तक, शाखा दहावीनंतर, आणि खरी चाळणी बारावीनंतरच्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत. तोपर्यंत ‘डॉक्टर’ म्हणायला काही मोजावे लागत नाही. म्हणून आमच्या वर्गात डॉक्टर हा शब्द बहुतेकांसाठी अंदाज नसतो, पाहुण्यांसमोर द्यायचे उत्तर असते. भारतातून हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू या दोनच राज्यांनी २००९ च्या फेरीत पिसा चाचणी दिली आणि दोन्ही तळाशी राहिली. महाराष्ट्राने ती दिलेलीच नाही. तेव्हा ही तुलना मी पुरावा म्हणून नव्हे, इशारा म्हणून वापरली : गुण आणि अपेक्षा जुळत नसल्या तर अपेक्षा खोटी ठरवण्याआधी ती पाहुण्यांसाठीचे उत्तर आहे की खरा अंदाज, ते पाहावे.

ते पाहण्याचा मार्ग साधा होता. मी दुसरा प्रश्न विचारू लागले : त्याच्या आधीच्या वर्षी काय करत असशील? आणि त्याच्या आधी? वर्गातल्या बहुतेक भावी डॉक्टरांचे उत्तर दोन पायऱ्यांत संपले. या मुलीचे चार पायऱ्यांपर्यंत गेले. बारावीला जीवशास्त्र घ्यावे लागते हे तिला माहीत होते, मोठी परीक्षा असते हे माहीत होते, सिव्हिलमध्ये शिकणारी मुले पांढऱ्या कोटात कोणत्या दारातून आत जातात हेही माहीत होते. जे माहीत नव्हते ते निर्णायक होते. नीटमध्ये ७२० गुणांपैकी जीवशास्त्राचे ३६० आणि उरलेले निम्मे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे, हे ऐकून ती गप्प बसली. तिच्या कल्पनेत डॉक्टर म्हणजे शरीराचा अभ्यास होता, आणि ‘गतीचे नियम’ हा केवळ शाळेने घातलेला अडसर. २०२४ मध्ये ही परीक्षा तेवीस लाखांहून अधिक मुलांनी दिली आणि देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून थोड्या जास्त होत्या, हे मी तिला त्या दिवशी सांगितले नाही. डिसेंबरमध्ये सांगितले, आणि ते सांगण्याची पद्धत चुकली. त्याकडे येते.

सप्टेंबरपासून शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास ठेवला. त्यात दोन गोष्टी केल्या. पहिली, आठवड्याला एकदा चार-पाच ओळी लिहायच्या : या आठवड्यात शिकलेले आपल्या घरात किंवा ओळखीच्या कोणाच्या कामात कुठे दिसले. ही कल्पना क्रिस हुलमन आणि ज्युडिथ हारकविझ यांच्या २००९ मधील प्रयोगातून घेतलेली. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या विज्ञानवर्गांत त्यांनी काही मुलांना पाठाचा संबंध स्वतःच्या जगण्याशी जोडून लिहायला लावले आणि काहींना केवळ सारांश लिहायला. आपल्याला हा विषय जमणार नाही असे ज्यांना वाटत होते, त्याच मुलांची गोडी आणि गुण यांत वाढ दिसली, आत्मविश्वास असलेल्यांना त्याचा विशेष उपयोग झाला नाही. दुसरी गोष्ट, उत्तर आधी घरच्या भाषेत सांगायचे, मग मराठीत बोलायचे, मग लिहायचे. मला तेलुगू कामापुरतीच येते, त्यामुळे पहिला टप्पा मुलींनी आपसांत पार पाडायचा आणि मी फक्त हातवाऱ्यांकडे लक्ष ठेवायचे, असे चाले. त्यातून काही फार चांगली उत्तरे आली आणि काही निव्वळ गप्पा.

मुलीच्या वहीतली पहिली नोंद दोन सिरिंजांची होती. तिसरी विडीची. तेंदूची पाने भिजवून का कापतात, कोरडे पान दुमडताना का तुटते, आणि ओलसर पानाला आकार का देता येतो. ते वाचून मी तिच्या घरी गेले. एका खोलीचे घर, दाराशी उजेडात बसलेली आई, मांडीवर सूप, सुपात कातरलेली पाने आणि तंबाखू. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, म्हणजे हजारी भरायला चाळीस कट्टे. बोलता बोलता तिची बोटे थांबली नाहीत. तिने एकच प्रश्न विचारला, “डॉक्टर व्हायला वर्षं किती लागतात ओ मॅडम?” पैशांबद्दल नव्हे, वर्षांबद्दल. एमबीबीएसला साडेपाच वर्षे, त्यातले एक प्रशिक्षणाचे, असे मी सांगितले. तिने बारावीनंतरची ती वर्षे मोजली, लेकीच्या वयात मिळवली आणि मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, मला आजही ठरवता आलेले नाही.

इंग्लंडमध्ये लुईझ आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा ते चौदा वयाच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला आहे. बहुसंख्य मुलांना विज्ञान आवडते, पालकही त्याला चांगले म्हणतात, तरी शास्त्रज्ञ व्हायचे म्हणणारी मुले साधारण पंधरा टक्केच, असे त्यात आढळले. फरक पाडते ते त्यांच्या भाषेत ‘विज्ञान-भांडवल’ : घरात विज्ञानाबद्दल काय बोलले जाते, विज्ञानाचे काम करणारे कोण ओळखीचे आहे, विज्ञान कुठे कुठे उपयोगी पडते याची माहिती किती. ही कल्पना मला उपयोगी वाटते, पण ती वापरताना आपण घरात अभियंता काका आहे का एवढेच मोजतो. ओपीडीच्या रांगेत आजीसोबत बसून शिकलेले त्या मोजमापात धरले जात नाही. या मुलीला ओळखीचे डॉक्टर नव्हते. ओळखीच्या सिस्टर होत्या, रक्त घेणारे टेक्निशियन होते, औषधे देणारे खिडकीतले मनुष्य होते. त्यांना प्रश्न विचारता येतात, ते थांबून उत्तर देतात. डॉक्टरांच्या राउंडमध्ये तेवढा वेळ नसतो.

म्हणून ऑक्टोबरच्या सुट्टीत तिला आणि आणखी चौघींना मी एका रक्ततपासणी प्रयोगशाळेत नेले. तिथल्या टेक्निशियन ताईंनी सेंट्रिफ्यूज बंद होण्याची वाट पाहायला लावली आणि मग नळी काढून उजेडात धरली : वर पिवळसर द्रव, खाली गडद लाल थर. हे फिरवल्याने वेगळे का झाले, असे त्यांनीच विचारले. चौघी गप्प राहिल्या. ही म्हणाली, जड ते बाहेर फेकले गेले असणार. मग थोडे थांबून, “पण बाहेर कोण ढकलतं?” फेकण्यासाठी बाहेरून कोणी ढकलत नाही, प्रत्येक कण सरळ रेषेतच जाऊ पाहतो आणि नळी त्याला वळायला भाग पाडते, हे समजावताना मला न्यूटनचा पहिला नियम पुन्हा काढावा लागला, तोच ज्यात तिचे ऑगस्टमध्ये गुण गेले होते. तो नियम त्यानंतर तिला पुन्हा शिकवावा लागला नाही.

आता डिसेंबर. प्रथम सत्रात तिचे गुण वाढले होते, पण फार नाही. मी ठरवले की पायऱ्यांचा पूर्ण नकाशा तिच्यापुढे ठेवावा. मोठ्या कागदावर दहावीपासून वाटा काढल्या : एमबीबीएस, बीएएमएस, चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग, कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर मिळणारी तीन वर्षांची जीएनएम ही नर्सिंगची पदविका, फिजिओथेरपी, दोन वर्षांची डी.फार्म., प्रयोगशाळा तंत्रज्ञान. नीटच्या उमेदवारांचे आणि जागांचे आकडेही लिहिले. माझा हेतू असा की आरोग्याचे क्षेत्र डॉक्टर या एका शब्दाहून मोठे आहे हे तिला दिसावे. ‘पिसा’ घेणाऱ्या संघटनेच्या २०२० च्या अहवालात म्हटले आहे की ४१ देशांतल्या ४७ टक्के मुलांनी आणि ५३ टक्के मुलींनी जेमतेम दहा व्यवसायांतच स्वतःला पाहिले होते, आणि ही अरुंद दृष्टी मोडणे हे शाळेचे काम आहे असे मला मनापासून वाटते. पण मी कागदावर बोट ठेवले ते जीएनएमवर, आणि म्हटले, “हेही किती चांगले आहे बघ.”

ती पुढचे तीन शनिवार आली नाही. वर्गात समोर बसायची, वहीत नोंद मात्र नाही. चौथ्या आठवड्यात, गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्ट्या संपल्यावर, जिन्यात गाठून विचारले तेव्हा म्हणाली, “तुम्हीबी तेच म्हणालात की ओ मॅडम.” तेच म्हणजे काय ते तिने सांगितले नाही आणि मला विचारावे लागले नाही. नर्सिंगमध्ये कमीपणा काही नाही. पण सात गुणांच्या मुलीला, तिने न विचारता, शिक्षिकेने डॉक्टरवरून बोट खाली सरकवून दाखवले, तर त्याचा अर्थ मूल एकच लावते. पर्याय दाखवणे आणि पायरी उतरवणे यांत फरक कोणत्या शब्दांनी राखावा, हे मला त्या वेळी येत नव्हते. दुसऱ्या वर्षी मी वाटांचा तोच कागद सबंध वर्गापुढे लावला, कोणाकडेही न पाहता, आणि बोट कुठेच ठेवले नाही. तो जास्त वाचला गेला.

दहावीचा वृत्तान्त थोडक्यात. भाग १ मधले भौतिक आणि रसायन तिला शेवटपर्यंत जड गेले; पूर्वपरीक्षेत भाग १ ला ४० पैकी २१ आणि भाग २ ला ३१. मार्चच्या परीक्षेत विज्ञानात १०० पैकी ६८. हे गुण शनिवारच्या तासामुळे वाढले, की दहावीचे वर्ष म्हणून घरात तिला विडीच्या कामातून सूट मिळाली त्यामुळे, की भाषेचा सराव झाल्यामुळे, हे एका मुलीच्या प्रकरणावरून सांगता येणार नाही. अपेक्षेने गुण वाढवले की गुण वाढल्याने अपेक्षा टिकली, हेही नाही. एवढे मात्र मी पाहिले की ज्या महिन्यात तिला तिची अपेक्षा नाकारली गेल्यासारखे वाटले, त्या महिन्यात तिने अभ्यास थांबवला, आणि तो पुन्हा सुरू झाला तेव्हा विषय तोच आणि शिक्षिकाही तीच होती.

मुलाबद्दल इतका वेळ लिहिले नाही, कारण त्याच्याबद्दल माझ्याकडे लिहिण्यासारखे फार थोडे आहे. नववीत ‘धाराविद्युत’ हा पाठ चालू असताना, एकसर जोडणीत एक दिवा गेला तर सगळे का विझतात, हे मी फळ्यावर काढत होते, तेव्हा त्याने बसल्या जागेवरून सांगितले की म्हणूनच कारखान्यात सगळ्या मागांच्या मोटारी समांतर जोडलेल्या असतात. वडिलांचा डबा पोचवायला जाताना त्याने ते पाहिले होते. मी “शाबास” म्हणून पुढच्या आकृतीकडे वळले. दहावीत त्याला विज्ञानात ८८ गुण पडले. लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या विचाराप्रमाणे मुले चौदाव्या वर्षाच्या आतच ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ म्हणून कितीतरी व्यवसाय मनातून वगळून टाकतात, आणि स्वतःची कुवत व आवड तपासण्याची वेळ त्यानंतर येते. त्याच्या जूनमधल्या चिठ्ठीतले ‘वडिलांसारखं’ हे त्या वगळण्याचे शेवटचे टोक होते. शिक्षकखोलीत आम्ही त्याला विनय समजलो. मुलीला जमिनीवर आणायला आम्ही सगळे पुढे सरसावलो होतो. हा आधीच जमिनीवर होता, त्यामुळे त्याची कोणाला काळजी वाटली नाही.

दहावीच्या फेब्रुवारीत, निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी, मी तोच प्रश्न पुन्हा वाटला. मुलीच्या चिठ्ठीवर ‘डॉक्टर’ लिहून खोडलेले, त्याखाली पुन्हा ‘डॉक्टर’, आणि पुढे, ‘नाही जमलं तर लॅब. लॅब पण चालेल, नळ्या आवडतात.’ ती आता शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शास्त्र शाखेत आहे. भौतिकशास्त्राचे पुस्तक इंग्रजीत आले म्हणून पहिल्या महिन्यात एकदा शाळेत येऊन गेली. मुलगा त्या दिवशी गैरहजर होता. भावाच्या जागी मागावर पाळी करायला गेला होता, असे कळले. जुलैमध्ये त्याने आयटीआयला वीजतंत्री शाखेत प्रवेश घेतला, दाखला न्यायला आला तेव्हा त्यानेच सांगितले. वीजतंत्री हा चांगला आणि हाताला काम देणारा अभ्यासक्रम आहे. त्याने तो निवडला, की दुसरे काही त्याच्या डोळ्यांसमोर कोणी ठेवलेच नव्हते, हे विचारायला मी दोन वर्षांत एकदाही त्याच्या घरी गेले नव्हते. माझ्या कपाटात मुलीच्या नावाची फाइल आहे, तिच्यात तिच्या आठवड्याच्या नोंदी, उत्तरपत्रिकांच्या प्रती, प्रयोगशाळेतल्या भेटीची टिपणे. त्याची चिठ्ठी तिच्याच फाइलीत, शेवटच्या पानाला टाचलेली आहे.